तेरेंतीच्या वाटेवरच्या फांद्या

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला निकांद्रला बोलावणं नव्हतं. सुखोग्रीवात आता अकराच घरांतून धूर निघतो. त्यातल्या नऊ घरी पेलागेया स्वतः जाऊन सांगून आली. दहावं घर निकांद्रचं. त्याच्या कुंपणापर्यंत ती आली, थांबली, बुटांवरचा बर्फ झटकला आणि पुढे निघून गेली. खिडकीच्या काचेवर साचलेल्या हिवाला फुंकर मारून निकांद्रने रुपयाएवढं भोक पाडलं होतं, त्यातून तो हे बघत होता.

प्रश्न जेवणाचा नव्हता. माणूस गेला की चाळीस दिवस त्याचा जीव घराच्या आसपास घुटमळतो. चाळिसाव्या दिवशी तो आपल्या माणसांत शेवटचा बसतो आणि मग जातो तो जातोच. त्या दिवशी ज्याला टेबलाशी जागा नाही, त्याचं आणि गेलेल्याचं जे काही राहून गेलं असेल ते कायमचं राहिलं. आणि निकांद्रचं तेरेंतीशी बरंच राहून गेलं होतं.

एकतीस वर्षं दोघांनी जोडीने लांडगे धरले. हे काम एकट्याचं नव्हेच. लांडगा माणसाच्या पावलाला बिचकतो, पण गवताच्या घसरगाडीला बिचकत नाही. हिवाळाभर कुरणातून गवत आणणाऱ्या गाड्यांच्या चाकोरीतून तो खुशाल चालतो, कारण कडेच्या भुसभुशीत बर्फात त्याचाही दम निघतो. तेव्हा एकाने घोडी हाकायची आणि दुसऱ्याने चालत्या गाडीतून मागच्या मागे चाकोरीत उतरायचं. गाडी थांबवायची नाही. थांबली की घोडीचे खूर एका जागी घोटाळतात आणि लांडग्याला तेवढं पुरतं. उतरायचा तो निकांद्र. लांडग्याचा एक स्वच्छ ठसा बघून, त्याच्या बाजूने लाकडी फावड्याने तो आत बर्फ पोखरी. ठसा वर जसाच्या तसा, पापडाएवढ्या जाडीच्या छपरावर उमटलेला राहिला पाहिजे. त्याच्याखाली सापळा सरकवायचा, भोक बुजवायचं आणि हंसाच्या पंखाने आपल्या खुणा पुसत मागे सरायचं. तोवर तेरेंती पुढे गंजीपाशी जाऊन गवत भरी आणि निकांद्र येईपर्यंत थांबे. हात निकांद्रचे आणि धीर तेरेंतीचा, असं गाव म्हणायचं. निकांद्रलाही ते खरंच वाटे.

जानेवारीत उणे बत्तीस असताना ते असेच गेले होते. ठशाचं छप्पर कोसळलं. निकांद्रने पुढचा ठसा घेतला, तोही कोसळला. तिसऱ्याला साधलं. अर्ध्या तासाच्या कामाला अडीच तास लागले. तेरेंती गवत भरून घामाने भिजला होता. तो गंजीच्या आडोशाला बसून राहिला. शेकोटी पेटवावी तर निकांद्रनेच बजावलं होतं, धूर करू नको, लांडग्याला वास जाईल. निकांद्र पोचला तेव्हा त्याच्या मिशांचा बर्फ झाला होता आणि तो हसत होता. घरी येऊन खोकू लागला, दहाव्या दिवशी गेला. सापळ्यात काहीच सापडलं नाही.

तेरेंतीची मुलगी झिना हिचा निकांद्र धर्मपिता. त्या नात्याने पेलागेया त्याला 'कूम' म्हणे आणि तो तिला 'कूमा'. व्याही-विहिणीइतकं जवळचं हे नातं, वर थट्टामस्करीची मुभा. पंचेचाळीस वर्षं ती त्याला "काय रे कूम" म्हणत आली होती. शवपेटी उचलायच्या दिवशी तो उंबऱ्यात आला तेव्हा तिने सगळ्यांसमोर म्हटलं, "या, निकांद्र सावेलिच. पायाकडून धरा तुम्ही." वडिलांच्या नावासकट. जिल्ह्याच्या साहेबाला म्हणावं तसं. तिने शिव्या घातल्या असत्या तर तो उभ्याने रडला असता आणि मोकळा झाला असता. ही अदब मात्र त्याच्या छातीत रुतून बसली.

रिवाजाप्रमाणे घरापासून थडग्यापर्यंत रस्त्याच्या मधोमध स्प्रूसच्या, सुईसारख्या पानांच्या, फांद्या अंथरल्या, शेंडे कबरस्तानाकडे करून. चाळिसाव्या दिवशी त्या गोळा करून जाळायच्या. तोवर त्यांच्यावर कुणी पाय द्यायचा नाही, कारण जो पाय देईल तो मेलेल्याच्या मागोमाग जातो. सुखोग्रीवातलं शेंबडं पोरही या फांद्यांना वळसा घालून जाई, जेव्हा गावात पोरं होती तेव्हा. आता म्हाताऱ्याच उरल्या होत्या आणि त्या तर रस्त्याच्या अगदी कडेकडेने, कुंपण धरून चालत.

मग लांडगा आला.

एकटा होता, मोठा होता. तो येऊ लागला त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. पेलागेया रोज सकाळी तेरेंतीच्या थडग्यावर खायला ठेवी. धिरडी, उकडलेलं अंडं, कधी खारवलेल्या माशाचा तुकडा. मेलेल्याला चाळीस दिवस भूक लागते. पहिल्या आठवड्यात ते कावळ्यांनी खाल्लं, दुसऱ्या आठवड्यापासून लांडगा खाऊ लागला. पुढे तेवढ्याने त्याचं भागेना, तेव्हा तो फांद्यांच्या वाटेने उलटा गावात आला आणि त्याने एव्स्तोलियाचा कुत्रा नेला. मग शेजारचा. एव्स्तोलिया जिभेची तिखट बाई. ती म्हणाली की हा तर आपला जुना अध्यक्ष परत आला, सामुदायिक शेतीच्या वेळचा, एकेका अंगणातून पाळीपाळीने वसुली करतोय, कुणावर अन्याय नाही. तेव्हापासून लांडग्याचं नाव 'अध्यक्ष' पडलं.

बायकांनी पेलागेयाला सांगून पाहिलं की खायला ठेवणं बंद कर. तिने कुणाचं ऐकलं नाही.

निकांद्रच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट बसली. हा तोच लांडगा होता. ज्याच्या ठशासाठी तेरेंती गंजीपाशी गोठला, तोच. पंजाच्या मापावरून निकांद्रने ओळखलं. चाळिसाव्या दिवसाच्या आत तो पकडायचा, सोलायचा आणि कातडं पेलागेयाच्या दारात ठेवायचं. बोलायचं काही नाही. बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. कातडं बघून ती म्हणेल, ये कूम, बस. एवढंच हवं होतं.

पण घोडी तेरेंतीची. झोर्काला मागायला तो एकदा गेला, तेव्हा पेलागेया दाराच्या फटीतून म्हणाली की घोडी दमलेली आहे, निकांद्र सावेलिच, आणि हाकणारा नाही. मग त्याने स्कीवर जाऊन एकट्याने कुरणाच्या वाटेवर दोन सापळे लावून पाहिले. लांडगा त्याच्या स्कीच्या रेघेपाशी आला, त्याने तिच्यावर मुतून ठेवलं आणि निघून गेला. निकांद्र ते पिवळं भोक बराच वेळ बघत उभा राहिला. आपण खरोखर तेरेंतीचे नुसते हात होतो, असं त्याला वाटलं. आणि हातांना डोकं नसलं की ते हे असं.

फांद्यांची गोष्ट त्याच्या लक्षात आली ती तिसाव्या दिवसाच्या सुमाराला. कबरस्तानाच्या रस्त्यावर दोन्ही कडांना माणसांच्या पायवाटा होत्या आणि मधोमध, बर्फाच्या पातळ थराखाली झाकलेल्या फांद्यांवरून, सरळ दोरी धरावी तसे लांडग्याचे ठसे. एकही ठसा बाहेर नाही. जनावराने हेरलं होतं की या सबंध गावात हीच एक पट्टी अशी आहे, जिच्यावर माणूस पाय ठेवत नाही. आणि खाली फांद्या असल्याने पाय रुततही नाही.

इथे घोडी नको, हाकणारा नको. कडेच्या पायवाटेवर माणसाचा वास असणारच, त्याची लांडग्याला सवय झालेली. वर स्प्रूसचा वास, ज्याच्या काढ्यात तो आपले सापळे उकळून घेई त्याचाच. जागा अशी की आयुष्यात एकदाच मिळावी.

पण ते तेरेंतीचं होतं. चाळीस दिवसांच्या आत त्या फांद्यांना हात लावणं म्हणजे पेटीचं झाकण उघडण्यासारखं. निकांद्र घरी परत आला आणि त्याने तो विचार बाजूला सारला. पाच दिवस सारला.

पस्तिसाव्या दिवशी सकाळी तेरेंतीची कुत्री र्याबा अंगणात नव्हती. साखळी होती, गळपट्टा होता आणि कुंपणाच्या फटीत केस अडकले होते. तेरेंती आजारी पडल्यापासून ती कुणाच्या हातचं नीट खात नव्हती, नुसती दाराकडे तोंड करून पडलेली असे. विहिरीवर बायका जमल्या. निकांद्र बादली घेऊन थोडा मागे उभा होता. एव्स्तोलिया पेलागेयाला म्हणाली, आणि तिला वाईट बोलायचं नव्हतं, तिची जीभच तशी:

"धिरडी घालून घालून वाट कुणी दाखवली त्याला, पालाशा? तूच की नाही? मग आता घे. नवऱ्याच्या कुत्रीचंच ताट वाढलंस."

पेलागेया अर्धीच भरलेली बादली उचलून गेली. निकांद्र दोन पावलं मागून गेला आणि एवढंच म्हणाला की मी पकडतो त्याला. तिने वळून पाहिलं.

"तुम्ही पकडा, निकांद्र सावेलिच," ती म्हणाली. "तुम्हाला वेळ लागतो, पण पकडाल."

त्याच दुपारी त्याने सापळा उतरवला. फांद्यांच्या काढ्यात उकळून तो गोठ्याच्या आढ्याला पोत्यात टांगलेला होता. ताडपत्रीचा तुकडा घेतला, लाकडी फावडं, हंसाचा पंख, उकळलेले तागाचे हातमोजे. कबरस्तानाच्या अलीकडे, ओहोळावरचा पूल ओलांडल्यावर रस्ता वळतो आणि गाव दिसेनासं होतं, तिथे तो कडेच्या पायवाटेवर ताडपत्री टाकून पालथा पडला. फांद्यांवर त्याने पाय तर नाहीच, गुडघाही टेकवला नाही. एक फांदी मात्र मध्ये कापावी लागली. कापताना त्याने तेरेंतीची माफी मागितली आणि त्याला समजावलं की हे तुझ्यासाठीच आहे. आतली पोकळी कोरड्या भुशाने भरली, म्हणजे लोखंड गोठून बसणार नाही. साखळीचं टोक बर्चच्या ओंडक्याला बांधून ओंडका बर्फात पुरला. ठसा मोडला नाही. एका दमात साधलं. इतकं सुरेख काम त्याच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं आणि ते बघायला तेरेंती नव्हता.

एक गोष्ट त्याने केली नाही. सापळा कुठे लावलाय ते कागदावर लिहून गावात लावायचं, हा एकतीस वर्षांचा नेम. पूर्वी दुकानाच्या दारावर, आता दर गुरुवारी फिरत्या दुकानाची मोटार थांबते त्या खांबावर. या वेळी त्याने कागद लावला नाही. काय लिहिणार? तेरेंतीच्या फांद्यांखाली, असं? आणि गरज काय, असं त्याने स्वतःला समजावलं. माणसाचा पाय तिथे पडणारच नाही. लांडग्यालासुद्धा जे कळलं ते आपल्याला कळू नये?

दुसरा नेम त्याने पाळला. सापळा लावल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. जनावर सापडलं असलं तर त्याला दमू द्यायचं. सकाळभर त्याने लाकडं फोडली. दोनदा कुऱ्हाड चुकली. मनात तो कातडं ताणायची फळी शोधत होता, पेलागेयाच्या पायरीवर ते कसं ठेवायचं, डोकं दाराकडे की रस्त्याकडे, हे ठरवत होता. बारा वाजून गेल्यावर त्याने लहान घसरगाडी घेतली, मेलेला लांडगा ओढून आणायला, आणि निघाला.

वळणापाशी येताना त्याने नेहमीप्रमाणे आधी लांबूनच ठसे वाचले. अध्यक्ष पहाटे येऊन गेला होता. पुलापासून फांद्यांवरून चालत आला, सापळ्याच्या पाच पावलं अलीकडे थांबला, आणि मग फांद्या सोडून कडेच्या पायवाटेवर, माणसांच्या पावलांवर पाऊल ठेवत, शांतपणे पुढे गेला. महिनाभरात पहिल्यांदाच.

ठसे वळले होते त्याच्या थोडं पुढे, फांद्यांवरच, राखाडी शालीत कुणीतरी बसलं होतं.

निकांद्र धावला. पाय घसरून पडला, पुन्हा धावला. पेलागेया बर्फात बसली होती, उजवा पाय घोट्याच्या वर सापळ्याच्या जबड्यात, मांडीवर धिरड्यांचं गाठोडं. तिच्या भुवयांवर हिव चढलं होतं. लोकरीच्या नमद्याचा बूट जाड म्हणून हाड आरपार तुटलं नव्हतं, पण पाय ज्या कोनात होता त्यावरून ते मोडलंय हे निकांद्रला कळलं. तिच्या पाऊलखुणा त्याने नंतर नीट पाहिल्या. कडेच्या वाटेवर एकही नव्हती. घराच्या फाटकापासून इथवर ती फांद्यांवरूनच चालत आली होती, एकेका फांदीवर पूर्ण पाय देत.

सापळ्याच्या दोन्ही स्प्रिंगच्या पट्ट्यांवर गुडघे दाबून त्याने जबडा उघडला. किती वेळ झाला, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"उजाडल्यापासून," ती म्हणाली. आवाज सुकलेला होता. "हाक मारली नाही मी."

का नाही मारली, असं त्याने विचारलं नाही. तीच बोलू लागली. त्याच्याकडे बघत नव्हती.

"पाय धरला ना, तेव्हा मला वाटलं त्यानंच धरला. तेरेंतीनं. म्हटलं, आला न्यायला. बरं वाटलं मला, निकांद्र. मग हात लावून बघितलं तर लोखंड."

निकांद्र बर्फात गुडघ्यांवर बसून राहिला. ती म्हणाली:

"तो पण असाच बसला होता ना, गंजीपाशी? तू येशील म्हणून?"

त्याने मान डोलावली.

"मग ठीक आहे. मला बघायचंच होतं कसं वाटतं ते. आधी बोटं दुखतात, मग दुखत नाहीत."

त्याने तिला घसरगाडीवर घेतलं, आपला कोट तिच्या पायांभोवती गुंडाळला. तिने गाठोडं पुढे केलं आणि सांगितलं, आधी हे ठेवून ये. तो म्हणाला, ते लांडग्याच्या पोटात जातं.

"माहीत आहे कुणाच्या पोटात जातं ते. मला काय डोळे नाहीत? कुणीतरी जेवतंय, एवढं तरी. जा."

तो गेला. थडग्यावर धिरडी ठेवली, दगडासारखी झाली होती. क्रूसाच्या पायथ्याशी पंजाचे ताजे ठसे होते. तेरेंतीला काही सांगावं असं त्याला वाटलं, पण सुचलं नाही. परत येऊन त्याने सापळा उपसला, भोक बुजवलं, हंसाच्या पंखाने सगळं सारखं केलं. हात आपसूक ते करत होते. पेलागेया गाडीवर बसून ते बघत होती.

ओढताना तो पुढे आणि ती मागे, त्यामुळे बोलणं सोपं झालं. पूल आला तेव्हा तिने थांबायला सांगितलं.

"या पुलाच्या ओंडक्यांच्या फटीत माझा पाय अडकला," ती म्हणाली. "तू लाकडं आणायला निघाला होतास, तुला मी दिसले. ऐकतोयस ना?"

तो म्हणाला की मी कागद लावला नव्हता, माझी चूक आहे, मी सगळ्यांना सांगणार.

"सांग की. मग ते विचारतील, पेलागेया फांद्यांवरून का चालत होती. काय सांगशील? एव्स्तोलिया गावभर करेल, पाद्री माझ्या दफनाला नाही म्हणेल. झिनाला काय वाटेल? बाप गेला, आई त्याच्यामागे जायला निघाली, आपल्यासाठी थांबावंसं नाही वाटलं तिला, असंच ना?" ती दम खायला थांबली. "तू माझं झाक, मी तुझं झाकते. काय?"

तो दोरी खांद्यावर घेऊन चालू लागला.

"आणि चाळिसाव्याला ये," मागून ती म्हणाली. "मला वाचवलंस तू. आला नाहीस तर लोक विचारतील."

त्याच्या मनात एवढे दिवस जे घोळत होतं, ते असं त्याच्या पाठीवर येऊन पडलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

गावाने त्याला डोक्यावर घेतलं. जिल्ह्याहून आलेल्या आरोग्यसेविकेने पायाला फळ्या बांधल्या. घोट्याभोवतीच्या काळ्यानिळ्या कड्याकडे बघून ती पोरगी म्हणाली की ओंडक्यांनी फारच एकसारखा चेपलाय. पेलागेया म्हणाली, आमच्याकडचे ओंडके तसेच असतात. झिना शहरातून आली आणि निकांद्रच्या गळ्यात पडून रडली. धर्मबाबा, तुम्ही नसता तर, असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती. निकांद्रने तिच्या पाठीवर हात ठेवला. काय करावं ते न कळून तो ठेवलेलाच राहिला.

आणखी एक झालं. पेलागेया चुलीवरच्या उबदार, झोपायच्या माळ्यावर पडून, थडग्यावर जाणारं कुणी नाही. झिनाला तिने ओहोळ ओलांडून जाऊ दिलं नाही. दोन दिवस अध्यक्ष येऊन रिकाम्या थडग्यापाशी फिरून गेला, तिसऱ्या दिवशी आला नाही. लोकांनी कुरणाच्या वाटेवरचे निकांद्रचे दोन जुने सापळे आठवले आणि ठरवून टाकलं की निकांद्रनेच त्याला पळवला. नाही, नाही, असं तो म्हणाला. त्यावर ते म्हणाले, हा नेहमीचाच, स्वतःचं कधी सांगायचा नाही.

चाळिसाव्या दिवशी पेलागेयाने त्याला आपल्या डाव्या हाताला बसवलं. उजव्या हाताला तेरेंतीचा पेला होता, काठोकाठ भरलेला, वर काळ्या पावाचा तुकडा. मध घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा आधी फिरला. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने तीन चमचे घ्यायचे. पेलागेयाने स्वतः वाडगा पुढे केला.

"घे, कूम," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पोटभर घे."

टेबलाभोवती सगळ्यांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना बरं वाटलं. एव्स्तोलियाने शालीच्या टोकाने डोळे पुसले. म्हणाली, तेरेंती आता निवांत जाईल, मनं साफ झाली. मग पेला उचलून म्हणाली, "आणि निकांद्रला पण. अध्यक्षाला एकट्यानं बडतर्फ केला. तेरेंती असता तर दोघांना मिळून दोन हिवाळे लागले असते." लोक हसले. अशा जेवणात थोडं हसलेलं चालतं.

निकांद्रने पहिला चमचा घेतला, तो कसाबसा गेला. दुसऱ्याला गव्हाचे दाणे तोंडात फिरत राहिले, जणू कुणी वाळू दिली होती. त्याने पेल्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं त्याला वाटत होतं की तेरेंतीकडे नुसतं बघितलं की पुरतं, बोलावं लागत नाही. आता पेल्यात वोदका होती, वर पाव होता आणि बाकी काही नव्हतं. पेलागेया त्याच्याकडे बघत होती, तिसरा चमचा घेतो की नाही ते. त्याने घेतला.

जेवणानंतर सगळे फांद्या गोळा करायला निघाले. झोर्काला गाडी जोडून पेलागेयाला तीत बसवलं आणि घोडी हाकायला, अर्थात, निकांद्र. पुढे बायका फांद्या उचलत होत्या, झटकून गाडीत टाकत होत्या. वळणापाशी तो खाली उतरला आणि ती जागा त्याने स्वतः साफ केली. मधेच कापलेली फांदी उचलली. तिच्या सुयांत राखाडी लोकर अडकली होती. ती त्याने इतर फांद्यांच्या खाली दडपली. कबरस्तानाच्या फाटकाशी ढीग पेटवला तेव्हा ओल्या सुया तडतडल्या आणि पांढरा धूर सरळ वर गेला. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. धूर सरळ गेला म्हणजे जीव सुखाने गेला. निकांद्र त्या धुराकडे बघत राहिला आणि त्याला आठवलं की गंजीपाशी एवढाच धूर पुरला असता.

परत येईपर्यंत उजेड तांबडा झाला होता. बायका आपापल्या घरी वळल्या, झिना एव्स्तोलियाची भांडी पोचवायला गेली. निकांद्रने पेलागेयाला उचलून आत नेलं, माळ्यावर ठेवलं, पायाखाली उशी दिली. घोडी सोडली, तिला गवत घातलं. आत येऊन टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला. टेबलावर गव्हाचा वाडगा अजून तसाच होता, शेजारी तेरेंतीचा पेला. त्याला वाटलं, आता ती काही म्हणेल. किंवा आपण म्हणू.

"कूमा," तो म्हणाला.

पेलागेयाने भिंतीकडे तोंड केलं.

"दार नीट ओढून घ्या जाताना, निकांद्र सावेलिच," ती म्हणाली. "गारठा येतो आत."

त्याने दार ओढलं. आकडा बाहेरून नीट बसत नव्हता, हे काम तेरेंतीने पुढच्या उन्हाळ्यावर ढकललेलं होतं. तो पायरीवर उभा राहून दोन्ही हातांनी ते दार घट्ट दाबत राहिला, आकडा बसल्याचा आवाज येईपर्यंत.